छत्तीसचा आकडा

तिसरीचा वर्ग होता. फळ्यावर उभी मांडणी, वर ५२, खाली २७. शिकवत होती आमच्या अध्यापक विद्यालयातली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. सराव पाठाच्या दिवशी साडीच नेसायची, असा तेव्हा दंडक होता. त्यामुळे तिचा एक हात सारखा पदराकडे जात होता, दुसऱ्यात खडू होता आणि टेबलावर टाचणवही उघडी होती. मी मागच्या भिंतीला खुर्ची लावून निरीक्षणाचा तक्ता भरत बसलो होतो.

हातच्याची रीत दाखवून झाली होती. मुलांनी पाटीवर गणित सोडवायला घेतलं. पहिल्याच मुलाच्या पाटीवर ३५. "चुकलं," ती म्हणाली आणि पुढं सरकली. शेजारच्या मुलीच्या पाटीवरही ३५. पाच-सहा पाट्या पाहिल्या, तर निम्म्यांवर ३५. टाचणात या पस्तिसाची काहीच सोय नव्हती. तिथं "अपेक्षित उत्तर : २५" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. ती जरा वेळ नुसतीच उभी राहिली. मग मागं फिरली, त्या पहिल्या मुलाजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुझे पस्तीस कसे आले रे? मला सांग बरं."

"दोनातून सात जात नाहीत ना बाई. मग मी सातातून दोन घालवले."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला दुसरीत शिकवलं होतं आणि ते त्यानं इमानेइतबारे पाळलं होतं. तिनं पिशवीतून काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढून त्याच्यापुढं मांडल्या. "यातल्या सत्तावीस मला दे. आधी सात सुट्या दे." पोरानं दोन काड्यांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, परत काड्यांकडं पाहिलं आणि कुणी न सांगता एका गठ्ठ्याचं रबर ओढून काढलं.

तास संपल्याची घंटा झाली. समारोप राहिला, स्वाध्याय राहिला, फळ्यावरची तारीख पुसायची राहिली. माझ्या हातातल्या तक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, वेळेचं नियोजन असे रकाने होते. त्या एका मिनिटात जे घडलं, त्याला रकाना नव्हता.

माझ्या मते ती मुलगी त्या दिवशी शिक्षक झाली. साल होतं २०११. शिक्षक म्हणून ती *लागली* मात्र २०२४ मध्ये. आपल्याकडं शिक्षक होणं वेगळं आणि शिक्षक लागणं वेगळं. दोन्हींची तयारीही वेगळी. या दोन तयाऱ्यांमधली वर्षं कुठं जातात, हे समजून घ्यायचं तर आधी होण्याची तयारी बघू, कारण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घ्यायची, म्हणजे पूर्वीचं डीएड आणि आताचं डीएलएड. त्याआधी पीटीसी होतं, आणि त्याच्याही आधी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन ट्रेनिंग कॉलेजात जायचं. तिथून बाहेर पडलेल्याला गावात 'ट्रेंड मास्तर' म्हणत. 'ट्रेंड' या शब्दाला तेव्हा वजन होतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षितच असावा आणि अशा शिक्षकाला महिन्याला किमान १२ रुपये तरी मिळावेत, असं मांडलं होतं. प्रशिक्षण आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या होत्या. पुढच्या लोकांनी त्या सोडवून वेगवेगळ्या केल्या.

पदविकेच्या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्र आहे, प्रत्येक विषयाची अध्यापनपद्धती आहे, मूल्यमापन आहे. पण या सगळ्याचा कणा म्हणजे प्रत्यक्ष शाळेत काढलेले दिवस. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून निदान २० आठवडे शाळेत गेले पाहिजेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. याला आता आंतरवासिता म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेतला शब्द शिक्षकांकडं आला याचा मला आनंद आहे, कारण कामाचं स्वरूप तेच आहे. पुस्तकातला रोग आणि खाटेवरचा रोगी यांची गाठ पडायला वेळ लागतो.

त्याआधी एक पायरी असते, सूक्ष्म अध्यापनाची. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. कल्पना साधी आहे. तबला शिकताना जसा एकच बोल घासून घेतात, तसं शिकवण्यातलं एकच कौशल्य सुटं करून घासायचं. प्रश्न कसा विचारायचा, एवढंच. किंवा उदाहरण कसं द्यायचं, एवढंच. भारतात रुळलेल्या रीतीत याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं त्यावर चर्चा, बारा मिनिटं पुन्हा बेत आखायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि सहा मिनिटं पुन्हा चर्चा. बेरीज ३६.

या छत्तीस मिनिटांत समोर मुलं नसतात, आपलेच वर्गमित्र मुलं होऊन बसलेले असतात. पहिल्यांदा सगळे हसतात. एखादा वात्रट मुद्दाम वेंधळे प्रश्न विचारतो. पण दुसऱ्या फेरीला हसू ओसरतं. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून टाकतो, ही सवय माणसाला इथं पहिल्यांदा कळते. कितीतरी जुन्या शिक्षकांना ती निवृत्तीपर्यंत कळत नाही. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहायला शिकवणं हे मी आयुष्यभर केलेलं सगळ्यात अवघड काम आहे.

विषय येतो म्हणून शिकवता येतं, हा समज आपल्याकडं चिवट आहे. दुसरीचं गणित कुणाला येत नाही? ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकानं १९८६ साली एक मुद्दा पुढं आणला आणि शिक्षकशिक्षणाची भाषा बदलली. त्याचं म्हणणं असं की विषयाचं ज्ञान एक आणि शिकवण्याच्या पद्धतींचं ज्ञान दुसरं, पण या दोहोंच्या मध्ये तिसरं एक ज्ञान असतं. नेमकी हीच गोष्ट शिकताना मूल कुठं अडखळतं आणि का, याचं ज्ञान. ५२ वजा २७ चं उत्तर २५ येतं हे वाण्याला ठाऊक असतं. निम्म्या वर्गाचं ते ३५ येणार, हे शिक्षकाला ठाऊक असावं लागतं.

मराठी शाळेपुरतं हे तिसरं ज्ञान अगदी मराठमोळं आहे. आपण लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो. 'बावीस' म्हणताना तोंडातून दोन आधी येतात, वीस नंतर. 'बावन्न'मध्ये तर पन्नास इतका झिजलेला आहे की सात वर्षांच्या मुलाला तो ओळखू येत नाही. 'एकोणतीस' हा शब्द आणखी पुढं जाऊन विसांतल्या आकड्याला तिसाचं नाव देतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'च्या जोडीनं 'वीस दोन' अशीही वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर खिल्ली उडाली. विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे खुलासे केले, की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांसाठी हा एक आधार आहे. रीत बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलाला एकोणसाठ लिहायला शिकवलं असेल, याचा मला तेव्हा फार विचार पडला होता.

आता लागण्याची तयारी.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्यानुसार त्याच वर्षी २३ ऑगस्टला पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, अनिवार्य झाली. महाराष्ट्रानं ती १३ फेब्रुवारी २०१३च्या शासन निर्णयानं आणली आणि पहिली परीक्षा त्या वर्षीच्या डिसेंबरात झाली. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येकात १५० प्रश्न, १५० गुण आणि अडीच तास. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पेपर दोनमध्ये शेवटच्या दोहोंऐवजी ६० गुणांचा एक गठ्ठा, गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, आणि आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के.

ऐकायला सोपं वाटतं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, प्रश्नही आठवीच्या पलीकडचे फारसे नसतात. तरी निकाल बहुतेक वर्षी एक आकडी टक्क्यांत लागतो. कारणं दोन दिसतात. गणिताचे तीस आणि इंग्रजीचे तीस गुण पुष्कळांना गाळात नेतात. आणि तयारी करणारे गाईड घोकतात, पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं मात्र उघडत नाहीत. ती मनापासून वाचणाऱ्याचे, विशेषतः परिसर अभ्यासाचे, निम्मे गुण घरातच असतात.

बालमानसशास्त्राचा भाग गमतीचा आहे. पियाजेच्या मते मूर्त क्रियात्मक अवस्था कोणत्या वयात, असा प्रश्न येतो. सात ते अकरा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याचा अर्थ, तिसरीतल्या मुलाला फळ्यावरचा हातचा कळणार नाही, काड्या हातात द्याव्या लागतील, हा पेपरात कुठं दिसतो? दुसरा ठरीव प्रश्न: "वर्गात एक विद्यार्थी वारंवार गैरहजर राहतो, शिक्षक म्हणून आपण काय कराल?" आणि खाली चार पर्याय. क्लासवाले शिकवतात की सगळ्यात मायाळू पर्यायावर गोल करा. बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. रागीट माणूसही या युक्तीनं तीसपैकी बावीस-तेवीस काढतो.

टीईटी म्हणजे नोकरी नव्हे, नोकरी मागायचा परवाना. जिल्हा परिषदेत लागायचं तर पुढची परीक्षा वेगळी. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, बोलण्यात टेट. टीईटी आणि टेट यांत गल्लत करणारे पाहुणे प्रत्येक उमेदवाराच्या घरी असतात. "पास झालास ना मागेच?" असं लग्नाच्या पंगतीत विचारलं जातं. ही चाचणी आतापर्यंत तीनदा झाली, २०१७, २०२३ आणि २०२५. संगणकावर २०० प्रश्न, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे, आणि वेळ दोन तास. इथं पास-नापास नाही, नुसता गुणांचा क्रम. एका प्रश्नाला किती वेळ, याचा हिशेब करून पाहा. ७२०० सेकंद भागिले २००. छत्तीस सेकंद.

एक कौशल्य घासायला छत्तीस मिनिटं आणि एक प्रश्न उडवायला छत्तीस सेकंद. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडं पाठ करून बसतात, म्हणून न पटणाऱ्या दोघांच्या संबंधाला आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. इथं तो अक्षरशः जुळून आला आहे. पहिल्या छत्तीसमध्ये थांबायला शिकवतात. दुसऱ्यात जो थांबला तो मागं पडला.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला हे सगळं ओळीनं आलं. ती शिकायला आली तेव्हा डीएडची जागा मिळणं हीच मोठी गोष्ट होती. त्या दशकात गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं निघाली होती, तरी प्रवेशाला रांग असायची, कारण पदविका म्हणजे हमखास नोकरी असा हिशेब होता. तिच्या आधीच्यांना २०१०ची भरतीची सीईटी तरी मिळाली. ती बाहेर पडली त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि पटावरची लाखो नावं वर्गात नाहीतच, असं उघड झालं. विद्यार्थी कमी म्हणजे शिक्षक जास्त. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती नको म्हणून २०१२ पासून भरतीला कुलूप लागलं. दांड्या मारल्या संस्थांनी आणि शिक्षा झाली नुकत्याच पास झालेल्या पोरांना. अध्यापक विद्यालयांतल्या रांगा दोन-तीन वर्षांत संपल्या, जागा ओस पडल्या, कितीतरी विद्यालयं बंद झाली. मी स्वतः एका वर्षी अकरा विद्यार्थ्यांच्या वर्गाला वर्गव्यवस्थापन शिकवलं आहे.

तिनं टीईटी २०१४ला काढली. त्या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं होती. खासगी शाळेत पाच-सहा हजारांवर शिकवत, दुपारी शिकवण्या घेत ती भरतीची वाट पाहत राहिली आणि प्रमाणपत्राची वर्षं फ्रिजमधल्या दुधासारखी सरत राहिली. मुदत संपायला थोडे महिने उरले असताना, जून २०२१ मध्ये, केंद्रानं टीईटी आयुष्यभरासाठी वैध केली. त्याच वर्षाच्या शेवटी टीईटीचा घोटाळा बाहेर आला. गुण वाढवून पास केलेल्यांची संख्या सात हजार आठशेहून जास्त निघाली, त्यांची प्रमाणपत्रं रद्द झाली, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतलेच वरिष्ठ गजाआड गेले. प्रामाणिकपणे पास झालेल्यांकडंही लोक काही काळ तिरक्या नजरेनं पाहत होते.

२०१७ साली 'पवित्र' नावाचं पोर्टल आलं. नाव ऐकून हसू येतं, पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नाही. त्याआधी खासगी अनुदानित शाळेत पगार सरकार द्यायचं आणि नेमणूक संस्थाचालक करायचे. जागेचा 'दर' तालुक्यात सगळ्यांना माहीत असायचा. शेत विकून लागलेले शिक्षक मी पाहिले आहेत. पोर्टलवर उमेदवार आपलं स्वप्रमाणपत्र भरतो, टेटचे गुण जोडले जातात, जागांची जाहिरात पडते, मग प्राधान्यक्रम भरून लॉक करायचा आणि गुणांनुसार शिफारस येण्याची वाट पाहायची. वाट पाहण्याचा भाग लांब असतो. आरक्षणाची बिंदुनामावली तपासायची, कुणी तरी न्यायालयात गेलेलं असतं, मध्येच आचारसंहिता लागते. २०१७ला परीक्षा दिलेल्यांच्या पहिल्या नेमणुका २०१९ मध्ये झाल्या.

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या शाळांत आता मुलाखत नाही. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे, पण मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून त्याला ३० गुणांचा लगाम घातलेला आहे. म्हणजे सरकारी शाळेत लागेपर्यंत उमेदवाराला शिकवताना कुणीही पाहत नाही. सराव पाठांचे गुण पदविकेच्या गुणपत्रिकेत असतात, निवडीत ते मोजले जात नाहीत. गवंडी ठेवताना आपण त्याची एक भिंत तरी बघतो. स्वयंपाकाला बाई ठेवताना एक दिवस पोळ्या करून बघतो.

हे मला वर्षानुवर्षं खटकत आलं. पण त्याच वेळी मला हेही मान्य करावं लागतं की पाठ बघणारा माणूस विकत घेता येतो आणि तो घेतला जात होता. संगणकाला मावसभाऊ नसतो. डोळे काढून घेतले तेव्हा कुठं तराजू सरळ झाला. ज्या मुलीच्या बापाकडं विकायला शेत नव्हतं तिला या आंधळ्या तराजूनंच न्याय दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची बेरीज मला जमलेली नाही.

बीएडवाल्यांचा प्रश्न थोडक्यात सांगून पुढं जातो. पदवीनंतरचं बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. ते नववी-दहावीसाठी लागतं, आणि सहावी ते आठवीलाही पदवी, टीईटीचा दुसरा पेपर यांच्या जोडीनं चालतं. २०१८ मध्ये केंद्राच्या परिषदेनं बीएडला पहिली ते पाचवीचीही दारं उघडली होती. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती बंद केली. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं आहे, मोठी पदवी त्याची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. निकालानं पुष्कळांचं नुकसान झालं, पण तत्त्व मला पटतं. पहिलीचा वर्ग ही खालची पायरी आणि दहावीचा वरची, ही आपली समजूतच उलटी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तर २०३० पर्यंत बारावीनंतरचं चार वर्षांचं एकात्मिक बीएड हीच किमान पात्रता व्हायची आहे. २०२३ पासून निवडक संस्थांत ते सुरूही झालं. दोन वर्षांच्या पदविकेचे दिवस भरत आले आहेत.

आणि आता लागलेल्यांनाही तयारी चुकलेली नाही. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरी राहील, पण बढती हवी तर परीक्षा. पंचवीस वर्षं पहिलीला बाराखडी गिरवून घेणाऱ्या बाई आता रात्री चष्मा लावून लसावि-मसावि सोडवतायत. माझ्या परिचयातल्या एका बाईंना त्यांचा नववीतला नातू शिकवतो. "आजी, आधी प्रश्न पूर्ण वाच," असं तो ओरडतो, आणि बाई मला सांगतात, "हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलंय हो!"

माझी विद्यार्थिनी २०१७च्या टेटला मागं पडली. २०२३च्या वेळी तिनं घरी घड्याळ लावून रोज दोनशे प्रश्न सोडवले. दिशा, नातेसंबंध, कूटप्रश्न, संख्यामालिका. आकृत्यांचे प्रश्न ती चूल पेटती ठेवून सोडवायची, कारण परीक्षागृहात मन दोन ठिकाणी असलं तरी हात चालायला हवा, असं तिचं गणित. २१ हजारांहून अधिक जागांची जाहिरात निघाली आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या शिफारस यादीत तिचं नाव आलं. कागदपत्रं तपासली गेली, समुपदेशनाला बोलावणं आलं. पडद्यावर रिकाम्या शाळांची यादी होती आणि तिचा क्रमांक येईपर्यंत रस्त्यालगतच्या सगळ्या शाळा संपल्या होत्या. अवघड क्षेत्रातली एक दोनशिक्षकी शाळा उरली. पहिली ते चौथी, पट एकोणीस.

वय बत्तीस, पद शिक्षण सेवक, मुदत तीन वर्षं, मानधन १६ हजार. २००० साली ही योजना आली तेव्हा ते तीन हजार होतं, पुढं सहा झालं, आणि जानेवारी २०२३ पासून सोळा. रुजू झाली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिला कपाटाची किल्ली, हजेरीपट, पोषण आहाराची वही आणि दोन-तीन पासवर्ड दिले. मतदार यादीचं काम महिन्याभरात आलं. कायदा शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम देऊ नका म्हणतो, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक हे अपवाद ठेवतो, आणि आपल्याकडं निवडणूक कुठली ना कुठली चालूच असते.

आंतरवासितेत एका वेळी एक वर्ग असतो. इथं तिच्याकडं एका खोलीत दोन इयत्ता होत्या. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायची, तोवर दुसरीला गणित, मग उलट. याला बहुवर्ग अध्यापन असं भारदस्त नाव आहे, पण ना टीईटीत त्याची कधी नीट परीक्षा झाली ना टेटमध्ये.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचा फोन आला. शाळेच्या मागच्या टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, त्यामुळं ती दम लागल्यासारखी बोलत होती. पगार दोन महिने झाला नव्हता, ते तिनं ओझरतं सांगितलं. मग म्हणाली, "सर, दुसरीत एक पोरगी आहे. एकोणतीस सांगितलं की ३९ लिहिते. रोज. मी आठ दिवस नुसतं चूक-चूक करत होते."

"मग?"

"मग काल खाली बसले तिच्यापाशी. म्हटलं, कसं लिहिलंस, सांग."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाई, त्यात तीस आहे ना."